ट्राम थांबवली नाही, वेधशाळाच अलिबागला नेली : पृथ्वीच्या चुंबकाचा हिशेब ठेवणारे नानाभॉय मूस

बोरिवलीहून बोटीत बसलं की पाच-दहा मिनिटांत गोराई येतं. खाडी, खारफुटी, पलीकडे समुद्र. याच खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर २००७ मध्ये बंद झालेलं गोराईचं डम्पिंग ग्राउंडसुद्धा आहे. आता समजा, इथे खाडीच्या पाण्याचा खारेपणा, भरतीची उंची किंवा जुन्या कचऱ्यातून निघणारा मिथेन वायू रोजच्या रोज मोजायचाय. खारफुटीच्या चिखलात सेन्सर तर लावाल, पण त्याला वीज कुठून देणार? आणि दर महिन्याला ओहोटी बघून, गुडघाभर चिखलात उतरून बॅटरी कोण बदलणार?

यावर आजचं उत्तर आहे ‘एनर्जी हार्वेस्टिंग’ सेन्सर. म्हणजे आजूबाजूचं ऊन, वारा, लाटांची हालचाल, तापमानातला फरक यातून आपल्यापुरती वीज गोळा करणारं आणि वायर न टाकता माहिती पाठवणारं छोटंसं यंत्र.

तंत्रज्ञान नवीन आहे, पण त्यामागचा प्रश्न बराच जुना आहे. गर्दीपासून लांब, विजेशिवाय, वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता निसर्गाचं मोजमाप कसं करायचं? मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका पारशी शास्त्रज्ञासमोर हाच प्रश्न उभा राहिला होता. त्यांचं नाव नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. त्यांनी तेव्हा घेतलेल्या एका निर्णयामुळे भारताकडे १८४६ पासूनची पृथ्वीच्या चुंबकत्वाची सलग नोंद आहे. जगात अशा नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

जन्माआधी दोन महिने आलेलं वादळ

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. आणि त्याच्या जेमतेम दोन महिने आधी सूर्यावर मोठा राडा झाला होता.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग बघत होता. अचानक त्याला डागांपाशी प्रखर पांढरा उजेड दिसला. काही मिनिटांत तो विझलाही. पण दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन धडकलं. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा रंगीत प्रकाश थेट कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या तारांमधून ठिणग्या उडाल्या.

अमेरिकेत तर भलताच प्रकार झाला. बोस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधल्या तार ऑपरेटर्सनी आपापल्या बॅटऱ्या चक्क काढून ठेवल्या आणि वादळामुळे तारेत तयार झालेल्या विजेवरच जवळपास दोन तास निरोपांची देवाणघेवाण केली. ‘एनर्जी हार्वेस्टिंग’ हा शब्द तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता, पण आजूबाजूच्या निसर्गातून वीज घेऊन संदेश पाठवण्याचं याहून भारी जुनं उदाहरण सापडणं अवघड आहे.

त्या दिवशी मुंबईतही कुणीतरी हे वादळ मोजत होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत.

कुलाब्यात नेमकं काय चालायचं?

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. मूळ हेतू होता जहाजांसाठी अचूक वेळ आणि आकाशातल्या ताऱ्यांची निरीक्षणं. १८४१ पासून तिथे हवामानाबरोबर पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. मराठी वाचकांच्या ओळखीची दोन नावं या वेधशाळेशी जोडलेली आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचं काम पाहिलं, तर गणितज्ञ केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी इथे नोकरी केली.

पण चुंबकत्व मोजायचं म्हणजे काय?

होकायंत्राची सुई उत्तरेकडे बघते हे शाळेत शिकवतात. पण ही सुई एकदम स्थिर नसते. सूर्य वर येतो तशी ती रोज अगदी किंचित हलते. सूर्यावर गडबड झाली की जास्त हलते. शिवाय वर्षानुवर्षांत तिची दिशाच हळूहळू सरकते, कारण पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड सतत फिरत असतं. या हालचाली जहाजांच्या नकाशांसाठी कामाच्या होत्या, आणि पृथ्वी व सूर्य समजून घ्यायलाही.

सुरुवातीला हे सगळं डोळ्यांनी चालायचं. माणूस तासातासाला यंत्रापाशी जाऊन आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. वादळ सुरू झालंय असं दिसलं की मधल्या वेळेतही वाचन घ्यायचं. रात्री, पावसात, सणासुदीला, कधीच सुट्टी नाही.

इंजिनिअर ते वेधशाळेचे संचालक

मूस यांनी आधी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही सिव्हिल इंजिनिअरिंगची परीक्षा पास केली. मग स्कॉटलंडला जाऊन एडिनबर्ग विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात ते विज्ञान शिकवू लागले.

त्या काळी कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते चार्ल्स चेंबर्स. तीस वर्षं त्यांनी ही वेधशाळा सांभाळली. १८९६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि संचालकपदी मूस यांची नेमणूक झाली. सरकारी विज्ञान खात्यांमधल्या वरच्या खुर्च्यांवर तेव्हा जवळपास सगळेच इंग्रज असायचे. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून आज मूस यांचंच नाव घेतलं जातं. वय होतं ३६.

तोवर यंत्रंही बदलली होती. १८७० च्या दशकात कुलाब्याला फोटोग्राफीवर चालणारी यंत्रं आली होती. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे.

एका अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला एक चुंबक टांगलेलं. चुंबकावर छोटा आरसा. समोर दिवा. दिव्याचा किरण आरशावर पडून परत फिरणार आणि समोरच्या गोल फिरणाऱ्या रोळावरच्या फोटोच्या कागदावर पडणार. रोळ घड्याळाच्या चावीवर फिरत राहतो. चुंबक केसभर हललं तरी लांब असलेल्या कागदावर प्रकाशाचा ठिपका बराच सरकतो. कागद धुतला की दिवसभराची वळणावळणाची रेघ तयार.

यात विजेचा एक थेंबही लागत नाही. चुंबकाला हलवणारी शक्ती कुठून येते? जे मोजायचंय त्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच. ज्याचं मोजमाप करायचं त्याच्याच जोरावर हलणारा सेन्सर, चावी दिली की चालणारं घड्याळ आणि एक दिवा. एवढ्यावर सगळा कारभार.

आणि मग ट्राम आली

मुंबईत ट्राम १८७४ पासून होती, पण ती घोडे ओढायचे. १९०० च्या सुमारास ही ट्राम विजेवर चालवायची असं ठरू लागलं. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. वाढत्या मुंबईला स्वस्त आणि वेगवान वाहतूक हवीच होती.

मूस यांच्या दृष्टीने मात्र हा धोक्याचा इशारा होता. कारण विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून करंट मिळतो आणि तो खालच्या रुळांतून परत जातो. रूळ जमिनीवरच असल्यामुळे थोडा करंट जमिनीत झिरपतो आणि मिळेल त्या वाटेने लांबवर पसरतो. जिथे करंट, तिथे चुंबकीय क्षेत्र. ट्राम सुरू झाली, थांबली, वळली की हे क्षेत्र बदलणार आणि कुलाब्याचं नाजूक चुंबक त्याबरोबर थरथरणार. कागदावरची रेघ पृथ्वीची की ट्रामची, हे मग कुणालाच सांगता येणार नाही.

ही नुसती शंका नव्हती. कॅनडात टोरंटोच्या वेधशाळेला विजेच्या ट्रामपायीच १८९८ मध्ये चुंबकीय यंत्रं शहराबाहेर हलवावी लागली होती. पुढे लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचंही तेच झालं. तिचं काम स्कॉटलंडमधल्या एस्कडेलमूर या निर्जन जागी गेलं, ती वेधशाळा १९०८ मध्ये सुरू झाली.

मूस यांच्यासमोर तीन रस्ते होते. ट्रामला विरोध करायचा. नाहीतर साठेक वर्षांची नोंद तिथेच थांबवायची. किंवा वेधशाळा हलवायची. पहिल्यात शहराचं नुकसान, दुसऱ्यात विज्ञानाचं. त्यांनी तिसरा रस्ता धरला आणि सरकारला तो पटवून दिला.

अलिबागच का?

नवीन जागेसाठी अटी कडक होत्या. ती कुलाब्यापासून फार लांब नको, नाहीतर जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसणार नाही. फार जवळही नको, नाहीतर ट्राम तिथेही छळणार. आसपास कारखाने, रेल्वे नको. आणि पुढची कित्येक वर्षं ते येण्याची शक्यताही नको.

मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेलं अलिबाग या अटींत बसलं.

पुढची अडचण दगडाची होती. कोकणात घर बांधायचं तर काळा दगड लागतो, तो मुबलक मिळतो. पण सह्याद्रीचा हा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्हातून तयार झालाय आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. म्हणजे भिंतच चुंबकासारखी वागणार! म्हणून अलिबागच्या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड तपासून आणला गेला. बिजागऱ्या, कड्या, खिळे यांसाठी लोखंडाऐवजी तांबं आणि पितळ वापरलं. तापमान बदललं की चुंबकाची ताकदही बदलते, त्यामुळे दिवसभर खोलीचं तापमान जवळपास सारखं राहील अशी भिंतींची रचना केली. सतत नोंद घेणाऱ्या यंत्रांसाठी एक इमारत आणि अधूनमधून प्रत्यक्ष मोजमाप करून ती यंत्रं बरोबर चालतायत का हे तपासण्यासाठी दुसरी.

१९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. पण मूस यांनी कुलाब्याची यंत्रं लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या.

हा भाग वाचताना किरकोळ वाटतो, पण सगळी किल्ली इथेच आहे. दोन ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र कधीच अगदी सारखं नसतं. थेट एका दिवशी इकडचं बंद करून तिकडचं सुरू केलं असतं तर नोंदीत अचानक एक उडी दिसली असती. ती पृथ्वीमुळे आली की जागा बदलल्यामुळे, यावर पुढच्या पिढ्या वाद घालत बसल्या असत्या. दोन वर्षं दोन्ही रेघा शेजारीशेजारी ठेवल्यामुळे फरक किती हे नेमकं कळलं आणि १८४६ पासूनची साखळी तुटली नाही.

७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर कुलाब्याचं चुंबकीय काम थांबून वर्ष होत आलं होतं. पुढे १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली. यंत्रं कुलाब्यालाच राहिली असती तर त्यानंतर काहीच हाती लागलं नसतं.

सूर्यही थांबणार नव्हता. २५ सप्टेंबर १९०९ ला आणखी एक प्रचंड चुंबकीय वादळ आलं. तेव्हा मुंबईत ट्राम खडखडत होत्या आणि अलिबागची वेधशाळा सुरू होऊन पाच वर्षं झाली होती.

६० वर्षांचे आकडे, तेही हाताने

नोंदी जपल्या, पण कपाटात पडून राहिल्या तर उपयोग काय? १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या भागात यंत्रं आणि आकडे, दुसऱ्यात त्यांचा अर्थ.

हे काम किती मोठं होतं याचा अंदाज घ्या. दर तासाला एक आकडा धरला तरी साठ वर्षांत चुंबकत्वाच्या एकाच घटकाचे सव्वापाच लाख आकडे होतात. कॉम्प्युटर सोडाच, आजच्यासारखा साधा कॅल्क्युलेटरही नव्हता. बेरीज, सरासरी, दुरुस्ती, सगळं वेधशाळेतल्या माणसांनी कागदावर केलं.

यातून मूस यांनी चुंबकीय वादळांची एक सर्वसाधारण चाल शोधली. त्यांनी अनेक वादळं घेतली, प्रत्येकाची सुरुवात एकाच रेषेवर आणली आणि सरासरी काढली. चित्र असं दिसलं : आधी अचानक छोटी उसळी, मग काही तासांत मोठी घसरण आणि नंतर दिवस-दोन दिवस हळूहळू पूर्ववत होणं. पुढे चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडणारे सिडनी चॅपमन यांच्यासारखे शास्त्रज्ञ मूस यांच्या या कामापर्यंत आले. आज अवकाश हवामानाची पुस्तकं वादळाचे हेच टप्पे शिकवतात.

चुंबकत्वाबरोबर भूकंपाच्या नोंदीही त्यांच्या काळात सुरू झाल्या. १८९७ च्या आसामच्या भीषण भूकंपानंतर भारतात जे पहिले मोजके भूकंपमापक बसले, त्यातला एक कुलाब्याला होता. मूस एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीचे फेलोही होते. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले. १३ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं.

मूस गेल्यानंतर ६७ वर्षांनी

गोष्ट इथे संपली असती. पण २००३ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. विषय होता मूस यांच्या जन्माआधी दोन महिने आलेलं ते १८५९ चं वादळ.

ते वादळ किती मोठं होतं हे ठरवायला विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळची, पूर्ण नोंद लागते. युरोपातल्या अनेक वेधशाळांमध्ये रेघ कागदाबाहेर गेली होती. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत होती. तिच्यात २ सप्टेंबर १८५९ ला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसला. म्हणजे नेहमीच्या किमतीच्या जवळपास ४ टक्के!

तुलनेसाठी १३ मार्च १९८९ चं वादळ घ्या. त्यात जगभरच्या सरासरीने ५८९ नॅनोटेस्लाची घसरण मोजली गेली. तेवढ्यात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले ६० लाख लोक ९ तास अंधारात गेले होते. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी सरळ एका तराजूत तोलता येत नाही. तरीही १८५९ सारखं वादळ आज आलं तर उपग्रह, जीपीएस आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, या प्रत्येक चर्चेत कुलाब्याचा हा आकडा येतोच.

आजच्या सेन्सरला मूस यांच्याकडून काय घेता येईल?

आता पुन्हा गोराईच्या चिखलातल्या त्या सेन्सरकडे येऊ.

घड्याळात असते तशी बटणासारखी बॅटरी साधारण २२५ मिलिअँपिअर-तास चालते. सेन्सरचा रेडिओ सतत चालू राहिला आणि त्याने २० मिलिअँपिअर खाल्ले तर ती ११ तासांत संपेल. पण तोच सेन्सर बहुतेक वेळ झोपून राहिला, ठरलेल्या वेळी क्षणभर जागा होऊन आकडा पाठवून पुन्हा झोपला आणि सरासरी खर्च १० मायक्रोअँपिअरवर आला, तर तीच बॅटरी हिशेबाने अडीच वर्षं पुरते. त्याला तळहाताएवढं सोलर पॅनेल जोडलं की बॅटरी बदलायचा त्रास आणखी लांबतो. मुंबईतला खरा पेपर मात्र जून ते सप्टेंबर असतो. आभाळ भरलेलं, ऊन गायब, हवा खारट आणि मोजायची गरज सगळ्यात जास्त.

म्हणजे वीज वाचवणं आणि गोळा करणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मूस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलंय. सेन्सर अशा जागी ठेवायचा जिथे शहराचा गोंगाट मोजमाप बिघडवणार नाही. त्याच्या आसपासच्या वस्तूच आकडा बिघडवत नाहीत ना, हे आधी तपासायचं. जुना सेन्सर काढताना नवा काही काळ त्याच्या जोडीने चालवायचा. आणि आकडे असे जपायचे की शंभर वर्षांनी येणाऱ्या माणसालाही ते वापरता येतील. यातलं शेवटचं काम कुठलंही सोलर पॅनेल करून देत नाही.

कुलाबा-अलिबाग वेधशाळेचा वारसा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. अलिबागला धाग्याला टांगलेल्या चुंबकाशेजारी डिजिटल मॅग्नेटोमीटर आले आणि ही वेधशाळा ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात सामील झाली. जुन्या फोटोच्या कागदांवरच्या रेघा स्कॅन करून आकड्यांत उतरवण्याचं कामही हाती घेतलं गेलं.

अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ला बघायला दर वीकेंडला मुंबईकरांची गर्दी होते. समुद्राजवळच, झाडांच्या आड या दगडी इमारती उभ्या आहेत. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. तिच्यापासून पळवून आणलेली नोंद मात्र अजून सुरू आहे.